अजाणतेपणी कोरलेला बांध

बांध कोरला जातो तो एका दिवसात नाही. नांगरट करताना शेवटचे तास बांधाला जरा जास्तच खेटून घातले, की चार बोटे माती आपल्या वावरात येते. पुढच्या वर्षी रोटाव्हेटर मारायला आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला मूळ हद्द कुठली हे कोणी सांगितलेले नसते. दिसेल त्या कडेने तो यंत्र फिरवतो आणि आणखी चार बोटे जातात. चार बोटे म्हणजे साधारण तीन इंच. बांध ३३० फूट लांब असेल आणि वर्षाला तीन इंच सरकत असेल, तर बारा वर्षांत तो तीन फूट सरकतो आणि ९९० चौरस फूट जमीन या गटातून त्या गटात जाते. गुंठा १०८९ चौरस फुटांचा. म्हणजे एका तपात जवळजवळ गुंठाभर रान हलले, आणि चोरी म्हणावी असे कोणी काही केलेच नाही. कोणत्याही एका वर्षी कोणाच्या मनात पाप नव्हते. मग या गुंठ्याचा दोष कोणाच्या माथी? जमिनीची मोजणी का करून घ्यावी याची उत्तरे सहसा व्यवहाराची दिली जातात: खरेदीत फसवणूक टळते, बँक कर्ज देते, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. ती खरी आहेत, पण ती सगळी 'माझे मला मिळावे' या बाजूची आहेत. माझ्या मते मोजणीची खरी निकड दुसऱ्या बाजूने आहे. आपल्याकडे दुसऱ्याचे किती आले आहे हे कळून घ्यायची तेवढीच एक खात्रीची वाट आहे, आणि अस्तेय हे व्रत ज्याला मान्य आहे त्याला ती टाळता येत नाही.

सीमेचा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांना इतका महत्त्वाचा वाटला की अठरा विवादपदांत त्यांनी त्याला वेगळी जागा दिली. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात त्याचा तपशील आहे. दोन गावांच्या शिवेचा वाद ज्येष्ठात, म्हणजे रान मोकळे आणि खुणा उघड्या असताना, निकालात काढावा. शिवेवर वड, पिंपळ, पळस अशी झाडे लावावीत. त्यावरही न विसंबता जमिनीखाली गुप्त खुणा पुराव्यात: दगड, हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, सुके शेण, विटा, कोळसे, वाळू. मातीने काळाच्या ओघात खाऊन टाकू नये असे काहीही चालेल, हा निकष. सीमेच्या बाबतीत माणसांची गफलत नेहमी होतच असते, हे त्यामागचे कारणही तिथेच दिले आहे. खुणा सापडल्या नाहीत तर साक्षीदारांनी लाल वस्त्रे नेसून, लाल फुलांच्या माळा घालून, डोक्यावर माती घेऊन आपल्या पुण्याच्या शपथेवर हद्द सांगायची. पण या साऱ्या प्रकरणातला सर्वांत धारदार नियम दंडाचा आहे. धाक दाखवून दुसऱ्याचे घर, तळे, बाग किंवा शेत बळकावले तर ५०० पण दंड. आणि न कळत घेतले तर २०० पण. न कळत घेणाऱ्याला सूट आहे, माफी नाही.

महाराष्ट्रात मनुस्मृतीचा आधार घेताना २५ डिसेंबर १९२७ चे महाडचे मनुस्मृतिदहन विसरून चालत नाही. इथे तो ग्रंथ मी प्रमाण म्हणून पुढे ठेवत नाही. जमिनीच्या हद्दीवर जुन्या समाजाने काय विचार केला होता याचा पुरावा म्हणून ठेवतो. आणि वर सांगितलेला नियम मनूच्या नावावर मोडीत काढता येईल असाही नाही, कारण त्याच निष्कर्षाशी जैन परंपरा वेगळ्या वाटेने पोचते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात चोरीची व्याख्या साधी आहे: न दिलेले घेणे. हिंसेची व्याख्या करताना उमास्वातींनी प्रमाद, म्हणजे बेफिकिरी, हा घटक मध्यभागी ठेवला, आणि टीकाकारांनी तो पुढच्या पापांनाही लावला. एरवी आपण चोरीचा विचार हेतूपासून सुरू करतो. मनात नव्हते ना, मग झाले. जैन विचार म्हणतो, मनात नसेल, पण लक्ष होते का? लक्ष देणे शक्य असूनही दिले नसेल तर हेतू स्वच्छ असल्याचा दाखला उपयोगाचा नाही. तेव्हा अज्ञान दोन तऱ्हेचे मानावे लागते. जे कळणे शक्यच नव्हते ते एक, आणि जे विचारले असते तर कळले असते ते दुसरे. तालुक्याच्या ठिकाणी भूमी अभिलेखाच्या कार्यालयात अर्ज केला की जी हद्द कळते, तिचे अज्ञान हे दुसऱ्या तऱ्हेचे आहे. ते आपण होऊन जपलेले असते.

यावर कायद्याच्या बाजूने एक युक्तिवाद होतो आणि तो दुबळा नाही. ज्याची जमीन गेली तो इतकी वर्षे गप्प का बसला? १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे मालकी हक्क नाकारून, उघडपणे आणि सलग बारा वर्षे ताबा ठेवला, तर मूळ मालकाचा दावा मुदतीबाहेर जाऊ शकतो. यालाच प्रतिकूल ताबा म्हणतात. यामागचे तत्त्व जुनेच आहे. पाहत असूनही न बोलणाऱ्याची जमीन वीस वर्षांनी जाते, असे याज्ञवल्क्यस्मृतीतही आहे. परंतु लगेच पुढे अपवादांची यादी येते, आणि मनूकडे असलेल्या तशाच यादीप्रमाणे तिच्यातही गहाण, ठेव आणि अज्ञान मुलाचे धन यांच्या शेजारी सीमा आहे. म्हणजे संपूर्ण शेत कोणी वहिवाटले आणि मालक पाहत राहिला तर त्याचा हक्क जाऊ शकेल, पण हद्द सरकवून घेतलेली जमीन नुसत्या उपभोगाने आपली होत नाही. (त्याच यादीत मनूने स्त्रियाही वस्तूंसारख्या गोवल्या आहेत, तो ग्रंथ का जाळला गेला हे त्या एका शब्दावरूनही कळावे.) अपवाद का, याचे उत्तर याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या विज्ञानेश्वराच्या मिताक्षरा या टीकेत मिळते, आणि ते मला फार अर्थपूर्ण वाटते. सीमेवर कोंडा-कोळशासारख्या खुणा पूर्वीच पुरलेल्या असतात, ती केव्हाही सिद्ध करता येते, म्हणून मालकाने तिकडे दुर्लक्ष केले तर ते समजण्यासारखे आहे. त्याचा गप्पपणा म्हणजे संमती नव्हे, खुणेवर ठेवलेला भरवसा आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००८ च्या एका निकालात प्रतिकूल ताब्याच्या कायद्यावर तो तर्काला धरून नाही आणि मालकाच्या बाबतीत फार कठोर आहे अशी टीका केली. कायदा काहीही देऊ दे, बारा वर्षे उलटली म्हणून शेजाऱ्याचे आपले झाले असे म्हणणाऱ्याने निदान धर्माचे नाव घेऊ नये.

आता मिताक्षरेतला तो भरवसा आज कशावर ठेवायचा? बहुतेक जण सातबाऱ्यावर ठेवतात आणि तिथेच चुकतात. सातबारा जमीन किती ते सांगतो, कुठे ते सांगत नाही. क्षेत्र, आकार, खातेदाराचे नाव, पीकपाणी, इतर हक्कातले बोजे हे सगळे त्यावर असते. बांध कोणत्या बाभळीपासून कोणत्या विहिरीपर्यंत जातो हे नसते. खरेदीखतातल्या चतुःसीमा 'पूर्वेस अमक्याचे रान, पश्चिमेस ओढा' अशा, आणि ओढाही पात्र बदलतो. 'कुठे' हे सांगणारे दप्तर वेगळे आहे: टिपण, फाळणी, गटबुक नकाशा. ते वाचायला आणि रानावर उतरवायला शिकलेला माणूसच लागतो. भूकरमापक येतो तेव्हा तो आधी आपल्याला हवी ती रेषा आखत नाही. जुने दगड, विहीर, गावनकाशावरचा रस्ता, तीन गट मिळतात ते तिकाटणे यांतले काय जागेवर शाबूत आहे ते तो शोधतो. मग प्रत्यक्ष वहिवाट जशी आहे तशी मोजून घेतो, आणि ती मूळ अभिलेखावर बसवून पाहतो. पूर्वी हे काम ३३ फुटी साखळीने आणि फलकाने व्हायचे, आता रोव्हर हे यंत्र उपग्रहांवरून काही सेंटिमीटरच्या अचूकतेने बिंदू घेतो. साधन बदलले, पण काम तेच: वहिवाटीची रेषा आणि अभिलेखाची रेषा एकमेकींशेजारी ठेवणे. या दोन रेषांमधली जी पट्टी उरते ती डोळ्यांना, पावलांना किंवा आठवणीला कधीच दिसत नाही. मोबाइलवरच्या ॲपने रानाभोवती फेरी मारून आलेले क्षेत्रही इथे कामाचे नाही, कारण ते फक्त आजची वहिवाट मोजते. आपण सरकवलेला बांध ते आपलाच धरते. अशा पट्ट्यांची आणि अदलाबदलींची महाराष्ट्रात किती व्याप्ती आहे, हे सरकारला २०२३ साली सलोखा योजना आणावी लागली यावरून कळते. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान बारा वर्षे असेल, तर नाममात्र १००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १००० रुपये नोंदणी शुल्क घेऊन अदलाबदलीचा दस्त करून द्यायचा, अशी ती योजना. दोन्ही घरची माणसे इतकी वर्षे परक्या मातीत घाम गाळत होती.

मोजणीला गावात होणारा पहिला विरोध नीतीच्या नावानेच होतो. 'मोजणी आणली' हे वाक्यच आपल्याकडे भांडणाची नांदी म्हणून ऐकले जाते. शेजारी शेजाऱ्यावर विश्वास ठेवतो, भाऊ भावावर. त्यांच्यामध्ये यंत्र उभे करणे म्हणजे संशय उभा करणे, असे मानले जाते. यात तथ्य आहे. मोजणीचा अर्ज पुष्कळदा शेजाऱ्याला नमवायला केला जातो, पोलीस बंदोबस्त मागून केला जातो, आणि अशी मोजणी नकाशावर बिनचूक असली तरी अधर्मच असते. पण विश्वासाच्या या युक्तिवादात एक गोष्ट सोयीने विसरली जाते. विश्वास दोन माणसांत असतो आणि जमीन त्यांच्यामागे उरते. ज्या दोन भावांनी 'लिंबापासून इकडे तुझे, तिकडे माझे' अशी तोंडी वाटणी केली त्यांना ती पाठ होती. त्यांच्या मुलांना लिंब कोणता हे सांगणारा कोणी उरत नाही, शहरात नांदणाऱ्या मुलीला तर नाहीच, आणि २००५ नंतर तिचाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा आहे. पोटहिस्से मोजून न घेता ठेवलेला विश्वास हा पुढच्या पिढीच्या डोक्यावर काढलेले कर्ज ठरतो. जमिनीखाली कोळसे पुरायला सांगणाऱ्यांना शेजारधर्म कळत नव्हता असे कोण म्हणेल? माणूस जाणार आणि गफलत होणार, एवढे त्यांनी धरून चालले होते.

दुसरा आक्षेप वरच्या पातळीवरचा आहे. जमीन कोणाचीच नाही, ती ईश्वराची. मग इंच-इंच मोजण्यात कसला आला धर्म? त्याने ममत्वच वाढणार. विनोबांच्या मुखी 'सबै भूमि गोपाल की' हे वचन सतत असे, आणि १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत १०० एकरांच्या दानाने सुरू झालेल्या भूदानात पुढे देशभरातून ४० लाख एकरांहून अधिक जमिनीचे संकल्प झाले. मन नतमस्तक व्हावे असा तो प्रयोग आहे. पण त्यातली बरीच जमीन भूमिहीनापर्यंत पोचलीच नाही. काही पडीक होती, काही वादातली, काही दात्याच्या ताब्यात नव्हती, आणि काही कुठे आहे हेच कागदांवरून ठरेना. ज्याची हद्द दाखवता येत नाही ते दानही देता येत नाही; देणाऱ्याचे मन मोठे असून घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दुसरीकडे गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा पाहा. या गावाने २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०१३ मध्ये ग्रामदान कायद्याखाली खासगी मालकीच ग्रामसभेकडे सोपवायचे ठरवले. मालकी सोडण्याच्या वाटेवर याहून पुढे गेलेले गाव महाराष्ट्रात दाखवणे अवघड. त्यालाही आपले जंगल कुठून कुठपर्यंत हे निश्चित करावेच लागले, कारण 'आमचे' म्हणायलाही हद्द लागते. जैन श्रावकाचे परिग्रह-परिमाणाचे व्रत तर मोजमापाशिवाय घेताच येत नाही. किती शेत, किती घर ठेवायचे ते आधी ठरवायचे. त्याच्यापुढे जाणे हा अतिचार. एक पळवाटही टीकाकारांनी हेरली होती. एकच शेत ठेवण्याचे व्रत घेतलेला माणूस शेजारचे शेत घेतो, मधला बांध काढून टाकतो आणि शेत अजून एकच आहे म्हणतो. यालाही त्यांनी व्रतभंगाच्या वाटेवरचा दोष ठरवले. सांगली-कोल्हापूरकडे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या जैन कुटुंबांना हे वेगळे समजावून द्यायला नको.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो: मोजणी हे नेहमी बलवंताचे हत्यार राहिले आहे. इतिहास या म्हणण्याच्या बाजूने उभा राहतो. पुण्याच्या मुलखात प्रिंगल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाअखेर केलेली मोजणी आणि आकारणी रयतेला इतकी जड झाली की ती सोडून द्यावी लागली. १८३५ पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्याने केलेल्या मोजणीतून सर्व्हे नंबर, हद्दीचे दगड आणि तीस वर्षांची सारापद्धत आली. ती आधीहून नेटकी होती, पण मोजली गेली ती शेतकऱ्याचा हक्क राखायला नव्हे, सारा ठरवायला. ठाम क्षेत्र, ठाम सारा आणि वहिवाटदाराचे ठाम नाव मिळाल्यावर तीच जमीन गहाण टाकायलाही सोपी झाली. पुढे फेरआकारणीत सारा वाढला, कापसाचे भाव पडले, आणि १२ मे १८७५ रोजी सुप्यात सावकारांच्या वह्या-खतांची होळी झाली. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये दाखवले ते हेच, की दप्तर ज्याच्या हाती आणि अक्षर ज्याला येते तो न वाचता येणाऱ्याला नागवतो. त्याही आधीचा अन्याय वेगळ्या जातीचा. गावाची शीव चालून दाखवायचा मान महाराचा; वादात त्याचा शब्द शेवटचा. ज्याला प्रत्येक दगड ठाऊक, त्याच्याकडे वतनाच्या तुकड्यापलीकडे जमीन नव्हती. हे सगळे मान्य केल्यावरही निष्कर्ष उलटा निघतो. हे हत्यार आजवर एकाच बाजूच्या हाती होते, ही तक्रार आहे. ते मोडून टाकल्याने बलवंताचे काहीच अडत नाही. त्याला हद्द कळायला नकाशा लागत नाही, त्याचा ट्रॅक्टर थांबतो तिथे हद्द. नकाशा लागतो तो विधवेला, गावाबाहेर राहणाऱ्याला, एक एकरवाल्याला. आणि लगतच्या खातेदारांना नोटीस देऊन, सर्वांसमक्ष, सर्वांचे जबाब घेऊन केलेली मोजणी एकट्याची राहत नाही. तिच्यात गावाची साक्ष आपोआप येते. मोजणीदार चुकतात, कधी विकलेही जातात, हे खरेच. त्यासाठी वरिष्ठाकडून निमताना, म्हणजे फेरतपासणीची, मोजणी मागायची सोय आहे. एका वैद्याने चुकीचे निदान केले म्हणून नाडी दाखवायचे कोणी सोडत नाही.

राहता राहिला अचूकतेचा प्रश्न. मूळ मोजणी साखळीची, आजची उपग्रहाची; दोन्ही तंतोतंत जुळणार कशा? जुळत नाहीत, थोडा फरक पडतोच, आणि एकत्रीकरण योजनेत जिथे गट बनले तिथे तर नकाशा आणि वहिवाट यांचा मेळ अनेकदा बसत नाही. पण चार इंचांचा वाद आणि चार फुटांचा वाद यांतला भेद कळायलाही मोजावेच लागते. नीतीला निरपेक्ष रेषा नको असते. दोघांनी मान्य केलेली, तिसऱ्याला तपासता येणारी रेषा तिला पुरते.

तेव्हा जमीन धारण करणाऱ्याचे कर्तव्य मी असे मानतो. जमीन घेताना, वाटणी करताना, बांधकाम काढताना आणि बांध कोरला गेल्याची शंका येताच, मग ती शंका आपल्या फायद्याची असो की तोट्याची, हद्द कायम मोजणी करून घ्यावी. मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशाच्या क प्रतीवर दुसऱ्याची पट्टी आपल्या ताब्यात निघाली तर बारा वर्षांची मुदत न मोजता ती सोडून द्यावी. आपली पट्टी दुसऱ्याकडे निघाली तर मागावी जरूर, पण त्याच्या उभ्या पिकात नव्हे. हद्दीच्या खुणा जपण्याची जबाबदारी महसूल कायद्याने जमीनधारकावरच टाकली आहे, तेव्हा दाखवून दिलेल्या जागी दगड रोवायचा खर्च दोघांनी मिळून करावा. आणि अर्ज भरायच्या आधी शेजाऱ्याच्या घरी जाऊन त्याला तोंडाने सांगून या. मोजणीची बातमी त्याला कार्यालयाच्या नोटिशीतून कळू देऊ नका.